आधी झालेलं मांडा, मग पुढचं ठरवा

साताऱ्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावलं की टेबलासमोरच्या भिंतीवर चिठ्ठ्या दिसतात. 'पीएसआय होणारच', 'वजन ६८', 'दिवाळीच्या आत बुलेट'. सगळ्या पुढच्या. 'गेल्या वर्षी हे ठरवलं होतं आणि झालं' अशी चिठ्ठी कुणी लावत नाही. लावलीच तर शेजारचा म्हणणार, 'लई शहाणा झालाय.'

माझ्या मते सुरुवात त्या न लावलेल्या चिठ्ठीपासून करावी. पाडव्याला नवी वही घालणारा व्यापारी जुन्या वहीतली शिल्लक आधी पुढे ओढतो, मगच पहिली नोंद करतो. आयुष्याचं ठरवताना मात्र आपण दरवेळी कोऱ्या पानावर बसतो, जणू आजवर काही केलंच नाही. मग अंदाज चुकतात. डॅनियल कान्हेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे मांडलं होतं: कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना माणूस हातातल्या योजनेकडे बघतो, पण तसलीच आधीची कामं किती लांबली होती हे आठवत नाही. घर बांधलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

ज्यांनी असं वही घेऊन कधी बसून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत क्रमाने लिहितो आहे. त्याआधी एक जळमट काढून टाकू. येल विद्यापीठाच्या १९५३ च्या वर्गातल्या ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं कागदावर लिहिली, ते वीस वर्षांनी बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत निघाले, ही गोष्ट तुम्ही एखाद्या शिबिरात ऐकली असेल. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. येलनेही तसं स्पष्ट केलं आहे. तरीही लिहायचंच आहे, कारण न लिहिलेलं आपण सोयीनं बदलत राहतो.

बसायचं कुठं आणि कधी

अर्धा दिवस मोकळा काढा. घरी बसू नका. घरी कुकरची शिट्टी होते, गॅसची गाडी येते, पाहुणे टपकतात. साताऱ्यात असाल तर अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली की जा, किंवा कुरणेश्वराकडे. सांगलीकरांना कृष्णेचा घाट आहेच. जागा देखणी हवी असं काही नाही, ओळखीचं माणूस भेटणार नाही एवढं पुरे.

दिवस कोणता? पाडवा, वाढदिवस, एखादा सोमवारही चालतो. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं होतं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतर लोक व्यायामशाळेत जास्त जातात. म्हणजे नव्या तारखेचा थोडा जोर खरोखर मिळतो. पण आपल्या कामाच्या हंगामाचं भान ठेवा. ऊस असेल तर तोड आटोपू द्या. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांनी ऑक्टोबरच्या छाटणीत तरी हा उद्योग करू नये. त्या दिवसांत माणूस ध्येय म्हणून फक्त 'झोप' एवढंच लिहील.

साधी शंभर पानी वही आणि पेन घ्या. अ‍ॅप नको. अ‍ॅप टाकण्यात, त्याचे रंग निवडण्यात दुपार जाते आणि काहीतरी केल्याचं समाधान फुकट मिळतं.

पायरी पहिली: झालेल्याची यादी

वहीच्या एकेका पानावर एकेक वर्ष टाका, गेल्या दहा वर्षांचं. वय पंचविशीच्या आत असेल तर दहावीपासून सुरू करा. आता त्या त्या वर्षी तुमच्या हातून काय पार पडलं ते लिहा.

इथे बहुतेकांचा पेन थांबतो. 'मी काय विशेष केलं?' असं वाटतं. म्हणून आदल्या संध्याकाळी थोडी तयारी करा. मोबाईलमधले फोटो वर्षावार चाळा. बँकेचं पासबुक काढा; कर्जाचा शेवटचा हप्ता कधी गेला, पहिला पगार कधी जमा झाला, हे तिथे तारखेसकट असतं. कपाटातली फाईल उघडा. आईला विचारा. आईला आपण विसरलेल्या गोष्टी आठवतात, त्यातल्या काही आठवल्या नसत्या तर बरं झालं असतं, पण विचारा.

यादीत काय येतं? पदवी, नोकरी, लग्न, गाडी हे येणारच. त्याखेरीज: तंबाखू सोडली. बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडलं. वडिलांच्या बायपासच्या वेळी दीड महिना दवाखाना आणि दुकान दोन्ही सांभाळलं. चाळिशीत स्कूटी शिकले. भावाशी सात-बाऱ्यावरून तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू केलं. नको असलेली नोकरी सोडली. एखादी गोष्ट सोडणं हीसुद्धा कामगिरी असते आणि ती यादीत हमखास राहून जाते.

प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा: ठरवून केलं, की अंगावर आलं म्हणून केलं. दुसऱ्या प्रकाराला कमी लेखू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी ज्यांच्या घरात पाणी आलं, त्यांनी जानेवारीत ठरवलेलं सगळं वाहून गेलं असेल. पण गाळ काढून, भिंती वाळवून, मुलांची शाळा न बुडवता घर पुन्हा उभं केलं, हे त्या वर्षाचं सगळ्यात मोठं काम होतं. कुठल्याही यादीत ते आधी लिहिलेलं नव्हतं. आता लिहा. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा सामान माडीवर वेळेत नेलं असेल, तर तेही लिहा.

लिहू नये ते एवढंच: जे नुसतं मिळालं. वारसा, लॉटरी, आत्याने दिलेला हार.

पायरी दुसरी: तीन गोष्टींची उलटतपासणी

यादी झाली की त्यातल्या तीन गोष्टी निवडा. मोठ्याच हव्यात असं नाही. ज्या आठवून तुम्हाला स्वतःबद्दल बरं वाटतं अशा तीन. मग पोलिसाने करावी तशी एकेकीची चौकशी करा. सुरुवात नेमकी कशाने झाली? त्या काळात रोजचा दिवस कसा जायचा, काम पहाटे व्हायचं की रात्री? बरोबर कोण होतं? पैसा कुठून आला? कधी बंद पडायची वेळ आली होती आणि कशामुळे टळली? किंमत काय मोजली, म्हणजे कोणती माणसं, कोणते सण, किती झोप गेली? आणि किती वेळ लागेल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात किती लागला?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं लिहा. पुढे फार उपयोगी पडतं.

समजा, तुम्ही सातारा एमआयडीसीत शिफ्टवर आहात. तुमच्या तीन गोष्टी: नोकरी करत केलेला डिप्लोमा, सोडलेली तंबाखू, फेडलेलं ट्रॅक्टरचं कर्ज. चौकशी केल्यावर दिसतं की डिप्लोम्याला कंपनीतला एक मित्र बरोबर होता. तंबाखू सोडली ती दातांच्या डॉक्टरांनी पुढची तारीख दिली म्हणून. कर्ज फिटलं कारण हप्ता खात्यातून आपोआप कापला जात होता. तिन्हीत जिद्द होतीच, पण तिन्हीत बाहेरचं कुणीतरी किंवा काहीतरी तुम्हाला धरून होतं. आणि एकट्याने, मनाशी ठरवून सुरू केलेली इंग्रजी बोलायची तयारी मात्र तिसऱ्या आठवड्यात बंद पडली होती. म्हणजे तुमचं काम कशावर चालतं ते कळलं. पुढचं कोणतंही ध्येय घ्या, त्यात एक जोडीदार आणि एक बाहेरून आलेली तारीख असेल अशीच त्याची मांडणी करा. कुणाचं याच्या उलटही निघेल: गर्दीत सगळं फसतं, एकट्याला पहाटे दोन तास मिळाले की जमतं. दोन्ही ठीक आहे. दुसऱ्याची दिनचर्या उचलून आणण्यापेक्षा स्वतःच्या वहीतली ही ओळ जास्त कामाची.

अर्धवट यशाचीही अशीच चौकशी करावी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. पदक नाही, पण मातीत घडलेल्या मल्लाला मॅटवरच्या कुस्तीचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव नव्हता, हे तिथे स्पष्ट झालं. पुढच्या चार वर्षांची तयारी नेमकी कशाची करायची हे त्या सहाव्या क्रमांकात दडलेलं होतं. १९५२ ला हेलसिंकीत ते कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तुमच्या यादीत जिथे 'थोडक्यात हुकलं' असं असेल, तिथे नेमकं काय कमी पडलं हे एका वाक्यात लिहा. 'नशीब' हे उत्तर चालणार नाही.

पायरी तिसरी: इच्छा कुणाची?

आता पुढचं पान. मनात येईल ते सगळं लिहा, वीस-पंचवीस ओळी होतील. मग चाळणी लावा.

आपल्याकडच्या बऱ्याच इच्छा लग्नकार्यात जन्म घेतात. पंगतीत शेजारी बसलेले काका विचारतात, 'पुण्यात फ्लॅट घेतला का?' आणि घरी येईपर्यंत ते आपलं ध्येय झालेलं असतं. म्हणून प्रत्येक ओळीला विचारा: हे झालं आणि कुणालाच कळलं नाही, स्टेटसला ठेवता आलं नाही, तरी मला हवं आहे का? निम्म्या ओळी इथेच गळतात.

उरलेल्यांना दुसरा प्रश्न: या ध्येयातला साधा मंगळवार मला चालेल का? निकालाचा दिवस सगळ्यांनाच आवडतो. पण हॉटेल काढायचं म्हणजे पहाटे मंडईत भाजी, दुपारी न आलेला आचारी, रात्री भांडी. हॉटेलमालक व्हायचंय की हॉटेल चालवायचंय, हे त्या मंगळवारावरून ठरतं. सेंद्रिय शेतीचं स्वप्न पाहणाऱ्या माझ्या पुण्यातल्या मित्रांना मी मे महिन्यात दुष्काळी माण तालुक्यात चार दिवस राहून यायला सांगतो. काही जण तरीही ठाम राहतात, त्यांनी जरूर करावी.

यातून तीन ध्येयं ठेवा. चौथं ठेवायचा मोह होईल. बाकीची एका वेगळ्या पानावर 'नंतर' म्हणून लिहा, म्हणजे ती मेली नाहीत याची मनाला खात्री राहते.

पायरी चौथी: वाक्य नीट लिहा

'तब्येतीकडे लक्ष देणार' हे ध्येय नव्हे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं याच विषयावर काम केलं. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा की नेमकं आणि थोडं अवघड ध्येय असेल तर माणूस 'जमेल तेवढं करतो' म्हणण्यापेक्षा चांगलं काम करतो. नेमकं म्हणजे काय, किती, कधीपर्यंत.

उदाहरण साताऱ्याचंच घेऊ. इथे २०१२ पासून सातारा हिल मॅरेथॉन होते, पावसाळा उतरणीला लागतो त्या सुमारास. अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडं, त्यात यवतेश्वरचा घाट. समजा तुम्ही आज अजिबात पळत नाही. वाक्य असं लिहा: 'पुढच्या वर्षीच्या हिल मॅरेथॉनमध्ये नाव नोंदवून पूर्ण अंतर न थांबता, चालत-पळत का होईना, वेळेच्या मर्यादेत पूर्ण करणार.' मग ते उलटं मोजत आणा. शर्यतीच्या आधीच्या महिन्यात घाटात सराव झालेला हवा. त्याच्या आधी सपाटीवर दहा-बारा किलोमीटर पळता यायला हवं. त्याच्या आधी अर्धा तास न थांबता. आणि या आठवड्यात? या आठवड्यात पोलीस परेड ग्राउंडच्या बाजूला तीन दिवस अर्धा तास भरभर चालायचं, मधे एकेक मिनिट पळायचं. चाळिशी ओलांडली असेल किंवा बीपी-शुगर असेल तर डॉक्टरांना आधी भेटायचं. या आठवड्याची ओळ जर तुम्हाला लिहिता आली नाही, तर ध्येय अजून हवेत आहे.

त्याला एक 'की' जोडा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली ही युक्ती मला सगळ्यात कामाची वाटते: 'अमुक झालं की मी तमुक करणार' असं आधीच ठरवून ठेवायचं. 'रोज व्यायाम करणार' असं न लिहिता 'सकाळी नळाचं पाणी भरून झालं की बूट चढवणार' असं लिहा. 'बचत करणार' ऐवजी 'पगाराचा मेसेज आला की त्याच दिवशी पोस्टाच्या आरडीत भरणार'. पावसासाठीही एक लिहून ठेवा, साताऱ्यात राहताय: 'पाऊस कोसळत असेल तर जिन्यावर वीस मिनिटं.' ठरवायचा क्षण येतो तेव्हा डोकं पांघरुणाच्या बाजूने वाद घालतं, म्हणून वाद आधीच मिटवायचा.

तारीख टाकताना दुसऱ्या पायरीकडे परत जा. मागच्या तीन कामांना अंदाजापेक्षा किती जास्त वेळ लागला होता? दीडपट लागला असेल तर आताच्या अंदाजालाही दीडने गुणा. अपमान वाटून घेऊ नका.

थांबायची तारीख

हा भाग मुद्दाम वेगळा लिहितो आहे, कारण आपल्या भागात याची गरज फार आहे. माण, खटाव, जत, आटपाडीहून मुलं-मुली साताऱ्यात, सांगलीत, पुण्यात खोली करून राहतात आणि एमपीएससी करतात. पूर्व, मुख्य, मुलाखत अशा तीन पायऱ्या. खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी घरून येते. वयाची अट खुल्या वर्गाला ३८, मागास प्रवर्गांना ४३, म्हणजे आयोग तुम्हाला लवकर थांबवत नाही. 'यंदा कट-ऑफ जरा जास्त लागला, पुढच्या वेळी पोस्ट निघतेच' या वाक्यावर वर्षं निघून जातात. पोस्ट निघते तीही काहींची खरंच, म्हणून सोडवतही नाही.

ज्या ध्येयाचा निकाल तुमच्या एकट्याच्या हातात नाही, जागा मोजक्या आणि अर्ज अफाट, तिथे सुरुवातीलाच तीन गोष्टी लिहून सही करा. किती प्रयत्न किंवा कोणत्या तारखेपर्यंत. मधली कोणती खूण दिसली तर पुढे जायचं, उदाहरणार्थ दुसऱ्या प्रयत्नात पूर्व परीक्षा निघालीच पाहिजे. आणि तारीख आली की दुसऱ्या दिवशी काय करायचं. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशीचं ठरलेलं नसेल तर तारीख आपोआप पुढे सरकते. सरळसेवा, बँक, पदव्युत्तर शिक्षण, घरचं दुकान, काहीही असो, पण नाव घेऊन लिहा.

हा कागद आई-वडिलांनाही दाखवा. त्यांना वाटत असतं पोराला दुखवू नये, पोराला वाटत असतं त्यांचा विरस होऊ नये, आणि या परस्परांच्या काळजीत दोघंही पाच वर्षं गप्प राहतात.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचं त्यामानाने बरं असतं. ग्राउंडवर सोळाशे मीटरला किती सेकंद लागले हे स्टॉपवॉच तोंडावर सांगतं.

पायरी पाचवी: महिन्याची बैठक

महिन्यातून एकदा अर्धा तास, तीच वही. अमावास्या, पगाराचा दिवस, एकादशी, लक्षात राहील ते. या बैठकीत तीनच गोष्टी लिहायच्या: काय झालं, काय अडलं, पुढच्या महिन्यात कोणती एक गोष्ट बदलायची. 'मी आळशी आहे' असं लिहायला मनाई. आळस हे कारण लिहिलं की शोध थांबतो. त्याऐवजी 'शिफ्ट बदलली आणि सकाळची वेळ गेली' असं लिहिलं तर पुढे काहीतरी करता येतं.

एकवीस दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्यातच आणखी एक दिलासा होता: मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. गणपतीत पाच दिवस सराव बुडाला, बुडू दे. सहाव्या दिवसाचा 'की' वहीत लिहून ठेवा.

कुणाला सांगायचं? एकाच माणसाला. जो महिन्याला विचारेल आणि टोमणा मारणार नाही असा. फॅमिली ग्रुपवर जाहीर करू नका. तिथे आधीच अंगठे आणि फुलं मिळतात, मग करायला काय उरतं?

पायरी सहावी: बदलायला लाज नको

दर सहा महिन्यांनी तिन्ही ध्येयांपुढे 'चालू', 'बदललं' किंवा 'सोडलं' यांपैकी एक शब्द लिहा. सोडलं तर का, ते दोन ओळींत.

माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर लांब पल्ल्याच्या धावपटू होत्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं, २०१२ ते २०१४, त्या पहिल्या आल्या. तिथेच राहणं सोपं होतं. त्या वळल्या तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा पार करत पळायची शर्यत. २०१५ ला आशियाई विजेतेपद आणि २०१६ ला रिओत अंतिम फेरी, तिथे दहावा क्रमांक. पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पळणं तेच राहिलं, शर्यत बदलली. तुम्हाला शिकवायला आवडतं म्हणून शिक्षक व्हायचं होतं आणि भरती होत नसेल, तर शिकवण्याच्या बाकीच्या शर्यती कोणत्या, हे वहीत शोधा.

मात्र बदलायचा निर्णय वाईट दिवशी घेऊ नका. परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी, साहेबांशी भांडण झालं त्या रात्री वही उघडायचीच नाही. बैठकीच्या दिवसापर्यंत थांबा.

पायरी सातवी: झाल्यावर

ध्येय पूर्ण झालं की लोक पेढे वाटतात. सातारकरांना तर कंदी पेढ्यासाठी निमित्तच हवं असतं. ते वाटा. पण आठवड्याभरात एक रिकामपण येतं, ते येणारच हे माहीत असू द्या. वास्तुशांती झाल्यावर, मुलीला नोकरी लागल्यावर, सेवानिवृत्तीच्या सत्कारानंतर माणसं उगाच चिडचिडी होतात. त्या भरात लगेच दुसरं ध्येय पकडू नका. एक महिना मोकळा सोडा.

त्या महिन्यात दोन कामं करायची. एक, दुसऱ्या पायरीतली चौकशी या नव्या कामाची करा, आठवण ताजी असताना. दोन, ज्यांच्या आधाराने झालं त्यांची यादी करून एकेकाकडे प्रत्यक्ष जा. खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. पदक घेऊन आल्यावर मिरवणूक झाली ती झालीच, पण खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवून पैसा उभा केला आणि ते घर सोडवायला दिला. तुम्हाला कुणाचं घर सोडवावं लागणार नाही. परीक्षेच्या काळात नोट्स देणारी मैत्रीण, दोन महिने उधारीवर डबा देणाऱ्या मेसच्या काकू, रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका उघडी ठेवणारा पोऱ्या, एवढ्यांना भेटलात तरी पुरे. फोनवर नको.

जोडीने करत असाल तर

नवरा-बायकोने वह्या वेगळ्या ठेवाव्यात. एकाच वहीत दोघांची ध्येयं लिहायला गेलं की ज्याचं अक्षर चांगलं त्याचीच ध्येयं राहतात. आधी दोघांनी आपापली झालेल्याची यादी करा, मग एकमेकांना वाचून दाखवा. इथे एक गंमत होते: बायकोच्या यादीत 'सासूबाईंच्या आजारपणात नोकरी टिकवली' असतं, आणि नवऱ्याला तो काळ 'तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं' असा आठवत असतो. वाद न घालता ऐकून घ्या.

मग पैसा आणि वेळ जिथे दोघांचा एकच आहे ती ध्येयं एका सामाईक पानावर आणा: घर, मुलांचं शिक्षण, गावाकडचं बांधकाम. एका वर्षी दोघांचीही मोठी ध्येयं एकदम घेऊ नका, तिची बी.एड. आणि त्याचं नवं दुकान एकाच वर्षी म्हणजे पोरं कुणाच्या तरी दारात. कुणाचं आधी हे लिहून ठेवा आणि दुसऱ्याचं कोणत्या वर्षी सुरू होणार ते वर्षही तिथेच लिहा, नाहीतर 'नंतर' कधी येत नाही. आणि ही बैठक दोघांपैकी कुणाच्याही माहेरी-सासरी ठेवू नका. बाहेर मिसळ खायला जा, वही सोबत न्या, रश्श्यापासून जरा लांब धरा.